तेल-वायूवर जगणाऱ्या छोट्या देशानं दुसरं उत्पन्न कसं उभं करावं

छोट्या तेलदेशांच्या विकास आराखड्यात एक आकडा हमखास मोठ्या अक्षरांत छापलेला असतो: बिगर-तेल क्षेत्राचा वाटा इतक्या टक्क्यांवर पोहोचला. नियोजनाचं काम हाती घेणाऱ्यानं या आकड्यावर विसंबू नये. बांधकाम, दुकानदारी, सरकारी कचेऱ्या, शाळा, बँका असं सगळंच त्यात धरलेलं असतं, आणि यातलं बरंचसं तेलाच्याच पैशावर चालतं. सरकारनं रस्त्याचं कंत्राट दिलं, कंत्राटदारानं मजुरी चुकती केली, मजुरानं दुकानातून सामान भरलं. तिन्ही व्यवहार कागदावर बिगर-तेल, पण पैसा एकाच विहिरीतून आलेला. शिवाय तेलाचा भाव पडला की तेलाची बाजू आकसते आणि बिगर-तेलाचा टक्का आपोआप वर सरकतो. म्हणजे देशाचं उत्पन्न घटत असताना आकडा सुधारलेला दिसतो.

त्यापेक्षा प्रत्येक धंद्याला दोन प्रश्न विचारा. सरकारी खर्च निम्मा झाला तर हा धंदा टिकेल का? आणि वायूचा पुरवठा निम्मा झाला तर टिकेल का? दोन्हींना 'हो' असं उत्तर देणारा धंदा हे खरं दुसरं उत्पन्न. पुढचं सगळं त्या दोन प्रश्नांभोवतीच फिरतं.

आधी तीन मोजण्या

पहिली मोजणी निर्यातीची. चार रकाने पाडा: कच्चं तेल आणि एलएनजी, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू; वायूपासून बनलेला माल, म्हणजे अमोनिया, युरिया, मिथेनॉल; आयात करून तसाच पुढे पाठवलेला माल; आणि उरलेली निर्यात, सेवांसकट. लक्ष चौथ्या रकान्यावर हवं. दर रकान्यात एकूण विक्रीशेजारी देशात प्रत्यक्ष किती मूल्य वाढलं तेही लिहा. ब्रुनेईत २०१९ मध्ये पुलाउ मुआरा बेसार बेटावर मोठा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तो आयात केलेलं कच्चं तेल शुद्ध करून विकतो, त्यामुळे निर्यातीचा आकडा एकदम फुगला. पण आयातही तशीच फुगली. देशात राहतो तो मधला फरक, पगार आणि कर. एवढीच रक्कम हिशेबात धरायची.

दुसरी मोजणी अर्थसंकल्पाची. सरकारच्या एकूण खर्चातून फक्त बिगर-तेल महसूल वजा करा. जी तूट येते तिला बिगर-तेल जीडीपीनं भागा. हा आकडा दरवर्षी खाली यायला हवा. नेहमीची तूट इथं उपयोगाची नाही, कारण तेलाचा भाव चढला की ती शिलकीत जाते आणि सगळं आलबेल वाटतं. २०१४ च्या मध्यापर्यंत पिंप ११० डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते ३० डॉलरच्या खाली गेलं. दीड वर्षात इतका फरक पडतो, म्हणून भावावर हलणारा निकष नको.

तिसरी मोजणी बहुतेक आराखड्यांत नसतेच: देशातला किती वायू कुठे जातो. वीज, समुद्राचं पाणी गोडं करणं, खत, धातू, एलएनजी, असा वर्षाचा ताळेबंद मांडा आणि प्रत्येक ग्राहकाला वायू कोणत्या भावानं मिळतो ते त्याच्यापुढे लिहा. अनुदान कुठे झिरपतंय ते या तक्त्यात दिसतं.

पैसा आत सोडण्याआधी बांध घाला

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनचं वायूक्षेत्र १९५९ मध्ये सापडलं आणि पुढच्या दोन दशकांत तिथले कारखाने मागे पडले. त्यावरूनच 'डच डिसीज' हे नाव पडलं. त्याची वाट ठरलेली आहे. परकीय चलन आत येतं, सरकार ते खर्च करतं. घरभाडं, मजुरी, वाहतूक अशा आयात न होणाऱ्या गोष्टी महागतात. जगाच्या बाजारभावाला माल विकणारा कारखानदार आणि शेतकरी वाढलेली मजुरी देऊ शकत नाही, म्हणून माणसं बांधकामाकडे आणि सरकारी नोकरीकडे वळतात. मग उद्योग-मदतीच्या कितीही योजना काढा, त्या मजुरीच्या दराशी झुंजत बसतात. म्हणून नव्या उद्योगाच्या आधी खर्चाचा नियम करावा लागतो.

नॉर्वेनं तेलाचा पैसा साठवणाऱ्या निधीचा कायदा १९९० मध्ये केला आणि त्यात पहिली रक्कम १९९६ मध्ये भरली. निधी फक्त देशाबाहेर गुंतवला जातो, त्यामुळे तो पैसा देशातली मजुरी आणि जमिनीचे भाव चढवत नाही. २००१ पासून सरकारनं निधीच्या साधारण ४ टक्क्यांपर्यंतच रक्कम काढायची असा दंडक आहे, तो २०१७ मध्ये ३ टक्क्यांवर आणला. कुवेतनं १९७६ पासून दरवर्षी महसुलाचे किमान १० टक्के पुढच्या पिढ्यांच्या निधीत टाकले. पुढे २०२० मध्ये ही वर्गणी वर्षाच्या शिलकीशी जोडली गेली, म्हणजे तुटीच्या वर्षी भरायची नाही. छोट्या देशाला उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा नॉर्वेसारखी काढण्यावरची मर्यादा जास्त उपयोगी पडते. टक्केवारीनं निधीत पैसे भरायचे आणि दुसऱ्या हातानं कर्ज काढून खर्च करायचा, असं सहज घडतं, आणि निधी वाढतोय असं वाटत राहतं.

हिशेब असा करा. समजा निधीत १२ अब्ज डॉलर आहेत आणि जमिनीखाली उरलेल्या तेल-वायूपासून सरकारला मिळणाऱ्या रकमेचं आजचं मूल्य ८ अब्ज आहे. एकूण संपत्ती २० अब्ज. महागाई वजा जाता ३ टक्के परतावा धरला तर दरवर्षी ६० कोटी डॉलर काढता येतात, मूळ संपत्ती तशीच राहते. आता सरकारचा खर्च १५० कोटी असेल आणि बिगर-तेल कर ३० कोटींचाच येत असेल, तर १२० कोटी काढावे लागतात. मर्यादेच्या दुप्पट. त्या वेगानं सगळी संपत्ती, उरलेल्या तेलासकट, साधारण २३ वर्षांत संपते. विहिरी आजच आटल्या, तर फक्त निधी १२ वर्षं पुरतो. अर्थमंत्र्यांपुढे टक्केवारीपेक्षा वर्षांचे हे दोन आकडे, २३ आणि १२, ठेवा.

वरचं उदाहरण कल्पित आहे, पण तिमोर-लेस्तेची गोष्ट त्याच वळणाची आहे. त्यांचा २००५ चा पेट्रोलियम निधी कायदा चांगला लिहिलेला आहे, मर्यादा ३ टक्क्यांचीच आहे. कायद्यात एक दार उघडं ठेवलं होतं: कारण देऊन आणि संसदेची मंजुरी घेऊन जास्त रक्कम काढता येते. २००९ नंतर बहुतेक वर्षी त्याच दारातून पैसे निघाले. दरम्यान या निधीला पैसा पुरवणारं बायू-उंदान हे समुद्रातलं वायूक्षेत्र म्हातारं होत गेलं आणि २०२५ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. असं दार ठेवायचंच असेल तर त्याला दोन कड्या घाला: जादा रक्कम पुढच्या ठरावीक वर्षांत कमी काढून भरून द्यायची, आणि भाव व साठ्याचा अंदाज अर्थखात्याऐवजी बाहेरच्या समितीनं द्यायचा. चिलीनं तांब्याच्या दीर्घकालीन भावासाठी अशी तज्ज्ञांची समिती वापरली आहे.

कायद्यावरच भिस्त ठेवूनही चालत नाही. चाडमध्ये तेलाच्या पैशाचा विनियोग कसा करायचा याचा कायदा पाइपलाइनच्या कर्जाची अट म्हणून झाला. २००३ मध्ये तेल वाहू लागलं आणि २००५ च्या डिसेंबरात संसदेनं तो कायदा बदलून सुरक्षाखर्चाला वाट करून दिली. बाहेरच्या सावकारासाठी केलेला नियम सावकाराची गरज संपेपर्यंतच टिकतो. निधीचे तिमाही आकडे लोकांच्या हातात असले, शाळेत आणि वर्तमानपत्रात त्यांची चर्चा झाली, तर नियमाला घरातले राखणदार मिळतात.

चलन बांधलेलं असेल तर

यातले बहुतेक देश स्वतःचा विनिमय दर हलवत नाहीत. ब्रुनेईचा डॉलर १९६७ पासून सिंगापूरच्या डॉलरशी एकास एक आहे, बहारीन, कतार, ओमान अमेरिकी डॉलरला बांधलेले आहेत, गॅबॉन आणि इक्वेटोरियल गिनीचा फ्रँक युरोला, तिमोर-लेस्तेत तर अमेरिकी डॉलरच चालतो. छोट्या बाजाराला याचा फायदा आहे, बाहेरच्या गुंतवणूकदाराला धास्ती राहत नाही. पण चलन स्वस्त करून निर्यातीला हात देण्याचा मार्ग बंद होतो. मग खर्चाचा लगाम, बंदरातला विलंब कमी करणं, विजेचा खात्रीचा पुरवठा आणि सरकारी पगाराचा वेग एवढीच हत्यारं उरतात. विनिमय दरावर चर्चासत्रं भरवण्यापेक्षा कंटेनर बंदरातून बाहेर पडायला किती दिवस लागतात ते मोजा, फरक तिथं पडतो.

वायूवर चालणारे कारखाने: करार वाचूनच सही करा

सगळे छोटे वायूदेश इथूनच सुरुवात करतात, आणि त्यात गैर काही नाही. वायू जवळ आहे, जहाजाला बंदर आहे. गैर आहे ते याला विविधीकरण समजून थांबणं. हे वायूच विकणं आहे, फक्त वेगळ्या पिंपातून.

त्रिनिदादमधलं पॉइंट लिसास नीट पाहण्यासारखं आहे. १९७० च्या दशकात ठरवून वसवलेली ही औद्योगिक वसाहत, पुढे तिथं अमोनियाचे ११ आणि मिथेनॉलचे ७ कारखाने झाले, १९९९ मध्ये देशातून एलएनजीचं पहिलं जहाज गेलं. मध्ये सरकारी नॅशनल गॅस कंपनी, उत्पादकांकडून वायू घेणारी आणि कारखान्यांना विकणारी. या रचनेतली एक गोष्ट उचलण्याजोगी आहे: कारखान्यांचा वायूदर अमोनिया-मिथेनॉलच्या जागतिक भावाशी जोडलेला होता. मंदीत कारखाना तगतो, तेजीत देशाला वाटा मिळतो. अडचण साठ्याची झाली. २०१० च्या सुमारास रोजचं उत्पादन ४३० कोटी घनफुटांच्या घरात होतं, नंतर ते २६० कोटींच्या आसपास उतरलं. कारखाने मात्र जुन्या पुरवठ्याच्या मापानं उभे होते. कपात सगळ्यांवर आली, आणि २०२० च्या अखेरीस एलएनजी बनवणाऱ्या कारखान्यातला पहिला द्रवीकरण संच वायूअभावी थांबवावा लागला.

कपात म्हणजे नुसतं कमी उत्पादन असं वाटू शकतं. अमोनियाच्या कारखान्यात शिरून पाहिलं तर तसं नाही. रिफॉर्मरमध्ये, म्हणजे वायूपासून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीत, उत्प्रेरकानं भरलेल्या उभ्या नळ्यांच्या रांगा असतात, त्या ९०० अंशांच्या आसपास तापतात. कारखाना एका मर्यादेखाली मंद चालवता येत नाही. त्याखाली गेलं की बंदच करावा लागतो. प्रत्येक बंद-चालू फेरीत नळ्या आकसतात, प्रसरण पावतात, त्यांना भेगा जातात, उत्प्रेरकाचा चुरा होतो, आणि पुन्हा पूर्ण दाबावर यायला दिवस जातात. म्हणून पुरवठा दहा टक्के कमी झाला तर सगळ्यांचे दहा टक्के कापणं हा न्याय वाटला तरी सर्वात महाग उपाय आहे. कोणता कारखाना आधी, किती दिवसांच्या सूचनेनं, पूर्ण बंद करायचा ही क्रमवारी करारातच लिहा.

भावाचा हिशेब सहीच्या आधी असा मांडा. एक टन अमोनियाला साधारण ३५ दशलक्ष बीटीयू (वायूतली उष्णता मोजायचं एकक) वायू लागतो. समजा कारखाना वर्षाला ७ लाख टनांचा, वायू दर दशलक्ष बीटीयूला ३ डॉलरनं द्यायचा आणि हाच वायू एलएनजी म्हणून विकला तर द्रवीकरण व वाहतूक वजा जाता ५ डॉलर मिळतात. दर टनामागे ७० डॉलर सोडले, वर्षाला ४ कोटी ९० लाख. कायम नोकऱ्या १५० असतील तर एका नोकरीमागे दरवर्षी सव्वातीन लाख डॉलरहून अधिक. शिवाय वीस वर्षांत या एकाच कारखान्याला अर्धा ट्रिलियन घनफूट वायू लागणार. सिद्ध साठ्यातून विजेची पंचवीस वर्षांची गरज आधी बाजूला काढा आणि उरेल त्यातूनच असे करार करा. संभाव्य साठा कारखान्याच्या नावे लिहून देऊ नये.

मग असा कारखाना घ्यायचाच कशाला? पुढची साखळी उभी राहणार असेल तर. बहारीनमध्ये आखाताच्या अरब किनाऱ्यावरचं पहिलं तेल १९३२ मध्ये लागलं, पण साठा लहान. त्यांनी अल्युमिनियमचा कारखाना, अल्बा, उभा केला, १९७१ मध्ये धातू निघू लागला. बॉक्साइट देशात नाही, त्यापासून बनणारी अल्युमिनाची पूड बाहेरून येते; टनाला सुमारे १४,००० युनिट वीज लागते आणि ती वायूवरच बनते. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला अल्बाचं उत्तर 'नाही' आहे. मात्र तिच्या आसपास तार, केबल आणि पत्रे बनवणारे कारखाने आले. ते धातूची लादी जगात कुठूनही विकत घेऊ शकतात, म्हणून त्यांचं उत्तर 'हो' आहे. सवलतीच्या करारात अट घालायची तर तीच: वितळलेल्या धातूचा ठरावीक हिस्सा शेजारच्या कारखान्यांना बाजारभावानं, वेळेवर. विजेत मात्र तडजोड नको. भट्ट्यांची वीज चार-पाच तास गेली तर आतला रस गोठतो आणि ती रांग पुन्हा सुरू करायला महिने लागतात. स्वतःचं वीजकेंद्र आणि राखीव जोडणी दोन्ही हवीत.

युरोपला माल जाणार असेल तर जानेवारी २०२६ पासून तिथली सीमेवरची कार्बन आकारणी खतं, अल्युमिनियम, लोखंड-पोलाद, सिमेंट यांना लागू झाली आहे. दर टनामागचं उत्सर्जन मोजणारी यंत्रणा आता कारखान्याच्या पहिल्या खर्चात धरा.

वायू न लागणारे धंदे

इथं मोठी यादी करण्याचा मोह टाळा. पाच-सात लाख लोकसंख्येच्या देशाला दोन-तीन धंदे पुरतात, बारा झेपत नाहीत. दुबईनं जेबेल अलीचं बंदर १९७९ मध्ये बांधलं, मुक्त क्षेत्र, म्हणजे कर आणि सीमाशुल्काची सवलत असलेली वसाहत, १९८५ मध्ये सुरू केलं, आणि तिचं तेलउत्पादन शिखरावर गेलं १९९१ मध्ये. पैसा वाढत होता तेव्हाच बंदर तयार होतं, ही खरी शिकण्याची गोष्ट. उंच इमारती नंतर आल्या, आणि कर्जावरच्या बांधकामानं २००९ मध्ये अबूधाबीकडे १० अब्ज डॉलरसाठी हात पसरायला लावला. जमीन विकून मिळणारं उत्पन्न निर्यातीच्या रकान्यात धरू नये. बहारीननं १९७५ मध्ये परदेशी बँकांना दार उघडलं, त्याच वर्षी लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि बैरूतच्या बँका जागा शोधत होत्या. संधी योगायोगानं आली, नियामक मात्र आधीच तयार होता.

गॅबॉनची वाट लाकडाची. १९९७ नंतर तेल उतरणीला लागलं. २०१० मध्ये ओंडके निर्यात करायला बंदी आली आणि लिब्रेव्हिलजवळ न्कोक इथं विशेष क्षेत्र उभं राहिलं, आज तिथून ओकुमे या झाडाच्या लाकडाचे पातळ पापुद्रे आणि प्लायवूड जातं. बंदीचा उपाय धोक्याचा आहे हे सांगायलाच हवं. करवती आणि वाळवणीच्या भट्ट्या उभ्या राहण्याआधी बंदी घातली की तोड थांबते, मजूर घरी बसतात आणि निर्यात लगेच कोसळते. आधी वीज, रस्ता आणि भट्ट्या, मग टप्प्याटप्प्यानं वाढणारा निर्यात कर, आणि शेवटी बंदी, हा क्रम बरा. ओंडक्याचं निम्म्याहून कमी लाकूड फळी होऊन निघतं, म्हणून भुश्याचा आणि तुकड्यांचा ग्राहकही आधीच ठरवा.

मुक्त क्षेत्र काढताना करसवलतीपेक्षा एका खिडकीवर परवाना, चोवीस तास वीज आणि सीमाशुल्काचा अधिकारी क्षेत्रातच बसलेला असणं जास्त खेचतं. सवलतीला शेवटची तारीख हवी, नाहीतर जुनी कंपनी नाव बदलून नवी होते.

माणसं आणि कर

सरकारी नोकरीचा पगार खासगीपेक्षा बराच वर असेल तर पदवीधर रांगेत थांबतो, खासगी धंदा स्वस्त परदेशी मजूर आणतो, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर असतात. कोटा लावला की नावापुरती भरती होते. बहारीननं २००८ मध्ये दर परदेशी कामगारामागे महिना १० दिनार शुल्क लावलं आणि तो पैसा स्थानिकांच्या प्रशिक्षणाकडे व छोट्या उद्योगांकडे वळवला. दोन मजुरांच्या खर्चातलं अंतर दोन्ही बाजूंनी कमी करणारा हा उपाय आहे. कंपन्यांनी कुरकुर केली, २०११ मध्ये आकारणी थांबली, २०१३ मध्ये पहिल्या पाच कामगारांच्या शुल्कात सूट देऊन परत आली. सूट सुरुवातीपासून असती तर थांबावं लागलं नसतं.

कर लावायला तूट येण्याची वाट पाहू नका. यंत्रणा बसायला दोन-तीन वर्षं लागतात: नोंदणी, पावत्यांचं स्वरूप, तपासनीस. बहारीननं जानेवारी २०१९ मध्ये ५ टक्के व्हॅट लावला आणि २०२२ मध्ये तो १० टक्के केला. पाया घातलेला होता म्हणून दुसरी पायरी सोपी गेली. ओमाननं एप्रिल २०२१ मध्ये व्हॅट आणला आणि २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या वैयक्तिक उत्पन्नावर ५ टक्के कर ठरवला आहे. दर लहान, उंबरठा उंच, तारीख लांबची. अशानं खातं काम शिकतं आणि लोकांना हिशेब मागायची सवय लागते. वीज-पाण्याचं अनुदान काढताना आधी मोठे वापरकर्ते आणि कारखाने घ्या, घरगुती दर टप्प्यांनी, आणि त्याच महिन्यात गरीब घरांच्या खात्यात रक्कम जमा व्हायला हवी. पुढच्या महिन्यात म्हटलं की विश्वास जातो.

विहिरी बंद करण्याचे पैसे

आराखड्यात हे पान बहुधा शेवटी आणि कोरं असतं. समुद्रातले प्लॅटफॉर्म काढणं, विहिरी सिमेंटनं कायमच्या बुजवणं, पाइपलाइन धुऊन काढणं याचा खर्च नेमका उत्पन्न शून्यावर आल्यावर येतो. तोवर मूळ कंपनी आपला हिस्सा एखाद्या लहान कंपनीला विकून गेलेली असते. म्हणून करारात दोन कलमं हवीतच. साठ्याचा अर्धा भाग उपसून झाला की दर पिंपामागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात जमा होऊ लागेल, आणि ते खातं कंपनी व सरकार दोघांच्या सहीशिवाय हलणार नाही. हिस्सा विकला तरी आधीच्या मालकाची जबाबदारी संपणार नाही. खर्चाचा अंदाज दर तीन वर्षांनी नव्यानं काढा, कारण जहाजांचं भाडं आणि पाण्याखाली काम करणाऱ्या बुड्यांची मजुरी बदलत राहते. जेट्टी, टाक्या, कार्यशाळा पाडण्याआधी त्यांची यादी बंदर खात्याकडे द्या. आणि तेलकंपनीत प्रमाणपत्र घेतलेल्या वेल्डर-फिटरांची नावं उत्पादन थांबण्याच्या दोन वर्षं आधी जहाजदुरुस्तीच्या गोदीकडे पोहोचवा, कारण उत्पादन थांबलं की ही माणसं सहा महिन्यांत देश सोडतात.